निकालपत्रावरचं ‘काहून’

लांजेवार बाई प्रोग्रामशी बोलत. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्यानं. छापलेल्या प्रोग्रामचा लांबलचक कागद टेबलावर पसरायचा, ओळीखाली फूटपट्टी धरायची आणि विचारायचं, “तू इथं काहून आला गा?” नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या संगणक केंद्रात नवीन आलेल्याला वाटे, बाई शिपायालाच झापताहेत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मला तिथं कायम व्हायला महिनाच उरला होता. एका परीक्षेचे निकाल छापायचं काम आमच्याकडे होतं. निकाल संध्याकाळी रवाना व्हायचे, आणि दुपारी बघते तर तीन नापास मुलांच्या नावांपुढे इंग्रजी अक्षरांत छापलेलं: ‘काहून’. म्हणजे आमच्याकडचं ‘का?’

पुण्याहून बदलून आलेले आमचे साहेब भडकले. “नापास मुलांची थट्टा करता? ही ओळ ज्याची असेल त्याला घरी बसवतो.” प्रोग्रामला शेवटचा हात माझा लागलेला. मी कागद पसरून ओळ न् ओळ शोधू लागले.

माझ्या भागात तो शब्दच सापडेना. रडकुंडीला आले तेव्हा बाई उठून आल्या. “काहून रडून राहिली वं? सरक.” बेरीज तपासणारा जुना भाग त्यांनी काढला, फूटपट्टी खाली खाली सरकवली आणि थांबल्या. “हे तं माझंच पाप होय.” ती ओळ त्यांनी आठ वर्षांपूर्वी चाचणीसाठी घातली होती आणि काढायला विसरल्या होत्या. मुलाच्या कार्डावर आधीच हातानं करून आलेली गुणांची बेरीज मशीनच्या बेरजेशी जुळली नाही की ती ओळ ‘काहून’ छापायची. इतक्या वर्षांत तशी वेळच आली नव्हती.

माझा जीव भांड्यात पडला. “काढून टाकू ना बाई, आणि परत छापू.”

“काढू नको. प्रोग्राम विचारून राहिला ना? आधी त्याले जवाब दे.”

जवाब माझ्याच कामात निघाला. कागदावर रकाना मावेना म्हणून मी गुणांची जागा तीन आकड्यांवरून दोनवर आणली होती. शंभराचा एक उडाला, उरली दोन शून्यं. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी तिन्ही पोरं मी नापास केली होती.

ते दुरुस्त करून निकाल वेळेत गेले. साहेबांना तो शब्दच तेवढा सलत होता. “ओळ कुणाची?”

“माझी,” बाई म्हणाल्या. माझ्या दोन आकड्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. असभ्य भाषा वापरली म्हणून त्यांना मेमो मिळाला. “माझ्या मायची भाषा हाय, साहेब. असभ्य आहे हे तिले कोणी सांगतलंच नाही,” असं म्हणत त्यांनी सही केली.

मी कायम झाले. बाई मागच्या वर्षी वारल्या. त्या सही करत होत्या तेव्हा मी शेजारीच उभी होते, आणि ‘साहेब, चूक माझी आहे’ एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.