नंदाचे दोन महिने

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मोहिमेतल्या सोबत्यांना नाही. आणि जिला सगळ्यांच्या आधी सांगायला हवं होतं, तिला तर मुळीच नाही — परवापर्यंत.

पत्रक कसं लिहायचं ते मला शिकवलेलं आहे. वाक्य छोटं. पहिल्याच ओळीत आरोपी. आणि खाली नाव. निनावी पत्रक आम्ही वाटत नाही. नाव लावायची ज्याला लाज वाटते त्यानं लिहूच नये, असं मीच नव्या पोरांना दम देऊन सांगते. आणि आता बघा — दुसरा परिच्छेद संपत आला, आरोपीचा पत्ता नाही. दुसऱ्याचं नाव पहिल्या ओळीत घालायला काय लागतं हो?

तुम्ही सोलापुरात राहत असाल तर आमचं पिवळं पत्रक कधीतरी तुमच्या हातात पडलं असेल. ‘पोरीला काही झालं तर जबाबदार कोण?’ वर एवढीच मोठी ओळ. विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारायला शिकवणाऱ्या संस्था अठराच्या आतली मुलं घेतात, त्याविरुद्ध आमची मोहीम आहे. आई-बापाची सही घेतली की संस्था मोकळी, हे आम्हाला मान्य नाही. हमीपत्र बापाला वाचता येईल अशा भाषेत द्या. वय खरंच तपासा. अपघात झाला तर शिकवणाऱ्यानं उत्तर द्यावं, सही करणाऱ्यानं नव्हे. यातलं एक अक्षर मी आजही मागे घेत नाही. सतरा वर्षांच्या मुलीला उडी मारायची हौस आहे, म्हणून तिच्या हाडांची जबाबदारी तिच्याच गळ्यात घालायची? संताप येतो मला. खरंच येतो.

पण ती वरची मोठी ओळ — ती पहिल्यांदा पत्रकात आली नव्हती. ती त्याआधी एकदा लिहून झाली होती.

आम्ही वळसंगच्या. मी आणि नंदा. माझी आई गावातली अंगणवाडी सेविका, नंदाच्या अप्पांची पिठाची गिरणी. बालवाडीपासून बारावीपर्यंत एका बाकावर, मग सोलापूरच्या कॉलेजला एका एसटीनं. सिद्धरामेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात ना जानेवारीत, त्या दिवशी ती जन्मली, म्हणून नंदा. अख्ख्या गावाला ठाऊक. पण शाळेत घालताना वय बसेना, तर गुरुजींनी ठोकून दिली एक जून. आमच्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो, तुम्हाला सांगायला नको. माझी ऑगस्टची तारीख आईनं भांडून खरी लावून घेतली. त्यामुळे खरं बघता मी पाच महिन्यांनी मोठी, आणि कागदावर ती दोन महिन्यांनी. “कागदावर मी थोरली हाय, ताई म्हण की मला!” — हे तिनं किती वेळा ऐकवलं असेल!

चार वर्षांपूर्वी कॉलेजात एक योजना आली. लांबच्या एका जिल्ह्यात जुन्या धावपट्टीवर स्कायडायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. एक ट्रस्ट खेड्यातल्या मुलींची फी भरणार होता. आमच्या कॉलेजातून एक मुलगी, आणि एक राखीव. अट — वय अठरा पूर्ण, आणि वडिलांची सही.

नंदाचा फॉर्म मी भरला. माझं अक्षर चांगलं ना. जन्मतारखेच्या चौकटीत एक जून मी लिहिला, माझ्या हातानं, माझ्या पेननं. फॉर्म इंग्रजीत, त्यालाच खाली हमीपत्र. अप्पा शिकलेले कन्नड शाळेत. गिरणी चालू, कानात तो पट्ट्याचा आवाज, अन् अप्पा मला विचारतायत, “यव्वा, ह्यात काय लिवलंय? पोरीच्या जिवाला काय धोका न्हाई न्हवं?” मी म्हणाले, “काही नाही अप्पा, नुसता कागद असतो. हितं सही करा.” त्यांनी हात झटकला आणि कन्नडमध्ये सही केली. कागदावर पिठाचा अंगठा उमटला. त्यात काय लिहिलं होतं ते मी वाचलं होतं. दिलेली माहिती खरी आहे, ती खोटी निघाल्यास आणि अपघात झाल्यास सर्वस्वी पालक जबाबदार. हे मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

तेव्हा मनात पाप नव्हतं, असं म्हणू का? नव्हतं. ते नंतर आलं, चार दिवसांनी, कॉलेजच्या मैदानावर.

निवडीसाठी मैदानात बारा फुटी मचाण बांधलं होतं, खाली वाळू. वरून उडी मारायची, पाय जुळवून पडायचं, कुशीवर लोळायचं. लेखी परीक्षेत मी पहिली आले होते. कुठला पट्टा कुठं, मुख्य छत्री उघडली नाही तर दुसरी कशी — सगळं मी पाठ केलं आणि एसटीत नंदाला मीच समजावलं. ती अर्धं विसरायची. आणि मग ती मचाणावर चढली, ओढणी कमरेला गुंडाळली, एकदा खाली बघून हसली आणि — गेली. हवेत असतानाही हसत होती! शिकवणारे सर दुसऱ्या मुलींना म्हणाले, “पाय बघा हिचे. हे शिकवता येत नसतं.”

शिकवता येत नसतं. म्हणजे मी कितीही पाठ केलं तरी —

माझी पाळी आली. मी कडेला गेले आणि मचाणाची फळी धरून खाली बसले. तीन दिवस. तिन्ही दिवस सर म्हणाले, “असू दे बेटा, शिडीनं उतर.” त्या शिडीला सात पायऱ्या होत्या. खाली वाळूत नंदा उभी, दोन्ही हात पसरून ओरडतेय, “डोळं मीट आन् ये की गं! मी हाय न्हवं हितं!” तिला वाटायचं ती मला धीर देतेय. देतच होती. आणि मला वाटायचं, हिचं तोंड वाळूत दाबावं. चौथ्या दिवशी मी पडले — पाय घसरला, सरांनी ती उडी म्हणून मोजली, तो त्यांचा चांगुलपणा. नंदाची निवड झाली. मी राखीव.

घरी जाताना एसटीत तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, बोटं फाकवली आणि म्हणाली, “वर हवा अशी लागती म्हणं, लई जोरात.” कंडक्टर म्हणाला, “काय विमानवाली, आमच्या गाडीचं बी तिकीट घे की.” सगळी एसटी हसली. गावात पोचायच्या आत ती विमानवाली झाली होती. गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा सांगायचे, पोरगी छत्रीची उडी मारणार हाय. आणि माझी आई — माझी सख्खी आई — भाकरी थापताना म्हणाली, “नंदीचं काळीज वाघाचं गं.” मी पाटावर बसून ऐकत होते. माझं काळीज कशाचं, हे कुणी विचारलं नाही.

मत्सर म्हणजे काय, मी सांगते. तिला जे मिळालं ते मला नको होतं. उडी मला नकोच होती! तिचं हवेतलं ते हसू तेवढं बंद व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसले, नवा ईमेल काढला, संस्थेला तीन ओळी लिहिल्या. या मुलीचं वय अठरा पूर्ण नाही, दाखल्यावरची तारीख खोटी आहे. अंगणवाडीचं लसीचं कार्ड मागा. पोरीला काही झालं तर जबाबदार कोण?

खाली नाव नाही.

ते कार्ड घरात असणार हे मला कसं ठाऊक? कारण त्यावर अक्षर माझ्या आईचं आहे. गावातल्या प्रत्येक पोराचं कार्ड आईनं भरलंय, आणि कार्डावर आई खरीच तारीख लिहायची.

आठवड्यात प्राचार्यांनी अप्पांना बोलावलं. राखीव मुलगी म्हणून मलाही. मागितलेलं कार्ड अप्पांनी स्वतः खिशातून काढलं, घडी उलगडली, टेबलावर ठेवलं. लपवावं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. संस्थेचा एक माणूस आला होता. त्यानं हमीपत्र पुढं सरकवलं आणि आवाज चढवला — खोटी माहिती देऊन सही केलीत, उद्या मुलगी मेली असती तर आम्ही कोर्टात उभे राहिलो असतो. दोन महिने कमी होते हो. फक्त दोन! पण मुलगी मेली असती तर, हे तो माणूस बोलला ते चूक नव्हतं, हेच तर दुखणं आहे. आत्ता मीसुद्धा तेच बोलते, माइकवर.

अप्पांनी त्या फॉर्मकडं बघितलं. जन्मतारखेच्या चौकटीकडं. मग वर बघून माझ्याकडं. त्यांना माझं अक्षर ओळखता येत होतं, सणासुदीला गिरणीची पाटी मीच लिहून द्यायचे. मी जमिनीकडं बघत होते. अप्पा म्हणाले, “चूक माझी हाय सायेब. मी न वाचता सही केली.” आणि हात जोडले. वयाची पन्नाशी उलटलेला माणूस, माझ्यादेखत, माझ्या अक्षरासाठी.

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांना वाटलं, मी फक्त फॉर्म भरला.

आता जागा तुझी, असं प्राचार्य मला म्हणाले. आणि विमानाचं दार माझ्या डोळ्यांपुढं आलं — ज्याला सात पायऱ्यांची शिडी नसते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना अर्ज दिला. वयाची नीट खातरजमा न करणाऱ्या आणि गरीब बापाला दोषी धरणाऱ्या संस्थेत मी तत्त्व म्हणून जाणार नाही. तत्त्व! काय जोरदार अर्ज होता तो. कॉलेजच्या फलकावर लागला. तो वाचून एका संघटनेची मुलं मला शोधत आली, त्यांनीच मला पत्रक लिहायला शिकवलं. आणि एसटी स्टँडवर नंदानं मला मिठी मारली. रडत म्हणाली, “माझ्यासाटी सोडलीस व्हय गं एवढी जागा?”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हो म्हणाले.

ते ‘हो’ मी चार वर्षं चालवलं. दोन महिन्यांनी नंदीध्वज निघाले, नंदा खरोखर अठराची झाली. पण ट्रस्टची ती योजना पुन्हा आली नाही, आणि आली असती तरी अप्पांनी सही केली नसती. कुठल्याच कागदावर ते आता पटकन सही करत नाहीत. त्या जानेवारीत त्याच यात्रेच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेच्या मैदानात, ती मोठ्या पाळण्यात एकटीच बसली. पाळणा वर गेला की दोन्ही हात सोडून द्यायची. मी खाली उभी राहून तिच्या चपला सांभाळत होते, आणि तेव्हाही — सगळं हिरावून घेतल्यावरही — मला तिचा हेवा वाटला. मोहिमेसाठी माझा सत्कार झाला, त्याला ती पहिल्या रांगेत बसली. पत्रकं वाटायला उन्हात माझ्याबरोबर फिरली. ती मोठी ओळ तिनं स्वतःच्या हातानं शेकडो लोकांच्या हातात दिली.

हे छापलेलं तिला दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून परवा मी तिच्या दुकानात गेले. ती आता सोलापुरात चादरींच्या दुकानात काउंटरवर असते. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी सगळं सांगितलं, फॉर्मपासून ईमेलपर्यंत. ती चादरींच्या घड्या घालत होती, घालतच राहिली. होटगी रोडच्या विमानतळावर विमानं उतरायला लागल्यापासून ती आवाज आला की दाराशी जाऊन वर बघते, हे मला माहीत आहे. परवा विमान आलं नाही.

शेवटी तिनं एकच विचारलं. “मग तुला बोलावलं तवा तू का गेली न्हाईस?”

“भ्याले,” मी म्हटलं.

तिनं हातातली चादर चळतीवर ठेवली, वरून हात फिरवून कडा जुळवल्या.

“म्हंजी जागा वायाच गेली की.”

तेवढ्यात एक बाई डबल बेडची चादर विचारत आत आल्या आणि ती त्यांच्याकडे वळली.

मोहिमेतल्या सोबत्यांना हे उद्या वाचायला मिळेल. मागण्या बरोबर आहेत. त्या मांडायला मी असेन की नाही हे त्यांनी ठरवावं. गिरणीवर मी अजून गेलेले नाही. जाईन.

हमीपत्रावरची ती खोटी तारीख माझ्या अक्षरात आहे. ती खोटी आहे म्हणून कळवणारा ईमेल माझा आहे. त्याखाली नाव राहिलं होतं, ते इथं लिहिते.

रेणुका, अंगणवाडीच्या बाईंची मुलगी, वळसंग.