कागदावर मी हेल्पर होते

मोर्शीच्या एसटी स्टँडवर माय मला सोडायला आली ती भाजीच्या दोन पाट्या घेऊनच. बाजाराचा दिवस होता. पोरगी ऑस्ट्रेलियाला निघालेली, आणि हिला काळजी सांबाराच्या जुड्या उन्हानं सुकतील याची. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. बाबांनी बॅग नागपूरच्या गाडीत चढवली, खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "तठी कोनी विचारलं त जे येते ते पुरं सांगजो. कमी सांगू नको." गाडी हलली तशी माय पाट्या उचलून बाजाराकडे चालू लागली. मागच्या काचेतून मला दिसलं, दहा पावलांवर तिनं पाट्या खाली ठेवल्या आणि रस्त्याच्या कडेला मातीतच बसली. मालाला उशीर होत असताना बसून राहिलेली माय मी जन्मात पाहिली नव्हती.

त्याला आता दोन वर्षं होत आली. अमरावतीच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या पोरी मला मेसेज करतात. "ताई, शेफच्या व्हिसाचं स्किल असेसमेंट कसं केलं? कोनते कागद लागतात?" मी यादी पाठवते. पण माझ्या असेसमेंटमध्ये जे घडलं ते यादीत मावत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते आहे. मागे राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही.

अमरावतीत एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये मी नऊ वर्षं काढली. डिप्लोमा करून लागले तेव्हा बाईमाणूस म्हणून मला कोशिंबीर आणि चपात्यांवर उभं केलं होतं. तिथून मला कढईपर्यंत आणलं ते उस्तादांनी. यूसुफभाई हे त्यांचं नाव, पण हॉटेलच्या मालकापासून, शेठपासून वेटरपर्यंत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. मूळचे अकोल्याचे. अख्ख्या वऱ्हाडात लग्नाच्या मांसाहारी पंगतीला त्यांचं नाव चाले. मसाला परतणं कधी थांबवायचं हे ते डोळे मिटून सांगत. "आवाज सुन. तेल बोलायले लागलं की पानी संपलं समज." त्यांची भाषा अशीच होती, अर्धी उर्दू, अर्धी वऱ्हाडी.

लॉकडाऊननंतर हॉटेल पुन्हा उघडलं तेव्हापासून, हॉटेलातला असो की लग्नाच्या पंगतीचा, उस्ताद प्रत्येक रस्सा, प्रत्येक बिर्याणीचा मसाला आधी मला चाखायला देऊ लागले. चमचा माझ्यापुढे धरायचे. "चख. बोल." मी म्हणायची, मीठ जरा कमी आहे, आंबट हवं. ते मान हलवायचे आणि मी सांगेन तसं करायचे. वर्षभरात मेनू मी ठरवू लागले, माल मी मागवू लागले, नव्या लोकांना मी शिकवू लागले. मला वाटायचं, उस्ताद मला तयार करताहेत. फार अभिमान वाटायचा त्या चमच्याचा.

पाहुणे मात्र जेवण आवडलं की शेफला बोलवा म्हणायचे, आणि बाहेर जायचे उस्ताद. मी आत. त्याचंही मला काही वाटत नसे. पण डिप्लोमाची एक मैत्रीण ऑस्ट्रेलियाला गेली होती, तिनं डोक्यात घातलं. तिथे शेफ हवे आहेत, वय वाढलं की व्हिसासाठीचे गुण कमी होतात, आताच अर्ज कर. मी बत्तीस वर्षांची होते. लग्न का करत नाही हे विचारून विचारून नातेवाईक दमले होते. मी अर्ज केला.

तिकडे शेफ आणि कुक हे दोन वेगळे व्यवसाय धरतात. नुसतं शिजवता येणं पुरत नाही. किचन तुम्ही चालवत होता, हे मालकाच्या पत्रानं, पगाराच्या कागदांनी सिद्ध करावं लागतं. मी निर्धास्त होते. नऊ वर्षं जिथे चूल पेटवली तिथून एक पत्र मिळायला काय अडचण?

शेठच्या ऑफिसात गेले. त्यांनी क्लार्कला रजिस्टर आणायला सांगितलं. क्लार्कनं बोट फिरवत माझं नाव शोधलं आणि मोठ्यानं वाचलं, "वैशाली. पद, किचन हेल्पर. काम, भांडी आणि साफसफाई."

मला वाटलं, चुकून दुसरी ओळ वाचली. मी रजिस्टर माझ्याकडे ओढून घेतलं. नाव माझंच होतं. पहिल्या वर्षापासून नवव्यापर्यंत, दर पानावर तेच. माझ्यानंतर लागलेले, मी शिकवलेले दोघे पुरुष कुक म्हणून लिहिलेले होते.

"अवं, कागदावर काहीबी असते," शेठ हसत म्हणाले. "तू कायले टेन्शन घेते?"

"मंग पत्र तरी बरोबर द्या," मी म्हटलं.

"तसं कसं देता येईन? रजिस्टर येक आन पत्र येक झालं त उद्या लेबर ऑफिसवाले मलेच धरतीन. आन किचन त उस्तादचं हाय ना वं. तू मदत करते."

मी किचनमध्ये परत आले. समोर चार शेगड्या पेटलेल्या होत्या आणि माझे हात काय करायचं ते विसरले होते. नऊ वर्षं मी ज्या घरात राहत होते त्याच्या दारावर माझं नावच नाही, असं काहीतरी वाटत होतं.

जे होतं तेच जोडून मी असेसमेंट करणाऱ्या संस्थेला कागद पाठवले. फोटो, मेनू, माल मागवायच्या माझ्या अक्षरातल्या याद्या. दोन आठवड्यांनी ईमेल आला. कागदांवरून मी किचन हेल्पर दिसते. माझ्या वरिष्ठ शेफचं प्रतिज्ञापत्र चार आठवड्यांत दिलं तर विचार करू, नाहीतर अर्ज बंद.

उस्ताद तेव्हा गुडघ्याच्या दुखण्यानं रजा घेऊन अकोल्याला घरी होते. मी सकाळची गाडी धरून गेले. दार त्यांच्या बायकोनं, चाचींनी उघडलं. उस्ताद स्वयंपाकघरात होते. "आज मेरी शागीर्द आली, आज मी पकवतो," आतूनच ओरडले. चाची ओट्याशी जाऊन काहीतरी हळू बोलल्या, त्यावर त्यांचा आवाज चढला, "नको म्हटलं ना!"

जमिनीवर दस्तरखानाची चादर अंथरून ताटं मांडली. मटणाचं सालन होतं, रंग अगदी उस्तादांचा, वर लाल तर्री. मी पहिला घास घेतला आणि तो गिळता येईना. मिठाचा नुसता आगर होता. डोळ्यांत पाणी आलं. मी उस्तादांकडे पाहिलं. ते शांतपणे जेवत होते. दुसरा घास, तिसरा घास. चाचींनी मान खाली घातली होती आणि रोटीला हात लावला नव्हता.

उस्तादांनी माझ्या ताटाकडे पाहिलं, मग चाचींकडे. त्यांचा हात थांबला.

"नमक?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. लॉकडाऊननंतरचे ते सगळे चमचे एकाच वेळी माझ्या डोळ्यांपुढे आले.

"त्या साथीत बुखार आला न मले," उस्ताद म्हणाले. "सगळ्यायची चव गेली, सगळ्यायची परत आली. माझी नाही आली. ना वास, ना स्वाद. चार साल झाले, बेटा. मिट्टी खाल्ली काय आन गोश्त खाल्लं काय, मले एकच."

"तुम्ही मले शिकवून राहिले असं वाटे मले," मी कसंबसं म्हटलं.

"मी तुह्या जिभेनं पकवून राहिलो होतो."

राग यायला हवा होता, पण आला नाही. ज्या माणसाला चवच कळत नव्हती, त्याच्या नावावर चार वर्षं लोक लग्नाच्या तारखा ठरवत होते. आणि ज्या चमच्याचा मी अभिमान बाळगला, तो माझ्यापुढे शिकवायला धरलेला नव्हताच.

मी कशासाठी आले ते चाचींनीच विचारलं. सांगितलं. उस्ताद लगेच म्हणाले, "मी लिहून देतो. सगळं खरं."

"नाही," मी म्हटलं. "तुमची नोकरी जाईन. नाव जाईन. नुसतं लिहा का वैशालीनं काम केलं. चवीचं नका लिहू."

"मंग ते विचारतीन, उस्ताद असताना मेनू पोरीनं काहून ठरवला? काय सांगू?"

तरी मी त्यांना नकोच म्हणून निघाले. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर कधी गेलं ते कळलं नाही. अर्ज सोडून द्यायचं मी ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. अमरावतीच्या कोर्टाबाहेर, टायपिंगवाल्यांच्या टेबलांशी ते उभे होते, काठी टेकत, इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून. मी पोचेपर्यंत अर्धा मजकूर सांगून झाला होता. माझ्यासमोर त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं, "मेरी जबान का स्वाद चार साल से गया हुआ है. इस दरम्यान किचन वैशाली ने चलाया." टायपिस्टचे हात थांबले. त्यानं मान वर करून पाहिलं. "चाचा, तुमी ते यूसुफ उस्ताद? मांगच्या साली माह्या बहिणीच्या लग्नाले तुमीच..."

"हो," उस्ताद म्हणाले. "जेवन चांगलं होतं?"

"लय चांगलं."

"मंग टाइप कर. ते इनंच बनवलं."

सही करून त्यांनी कागद माझ्या हातात ठेवला.

त्यानंतर व्हिडिओवर माझी मुलाखत झाली. त्या संस्थेच्या एका बाईंनी दीड तास प्रश्न विचारले. कच्चं मांस कुठल्या तापमानाला, मेनूचा खर्च कसा बसवता, दोन माणसं आली नाहीत तर काम कसं वाटता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला माझं काम काय असं विचारत होतं. मग त्यांनी दुभाषा घेऊन उस्तादांना फोन केला. ते काय बोलले हे मला चाचींनी नंतर सांगितलं. चव नसताना तुम्ही मुख्य शेफ कसे राहिलात, असं त्या बाईंनी विचारलं. उस्ताद म्हणाले, "डर के मारे. और इस लडकी के भरोसे."

खातरजमेसाठी हॉटेललाही फोन गेला. शेठ चिडले. त्यांनी उस्तादांना काढायच्या आधी उस्तादांनीच चाव्या नेऊन दिल्या. मला वाटलं, माझ्या एका कागदासाठी मी एक माणूस संपवला.

मंजुरीचा ईमेल आला तेव्हा मी मोर्शीला होते, मायसोबत वांगी निवडत होते. शेफ म्हणून कौशल्य मान्य. मी ती ओळ मायला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मंग रडून काहून राहिली?" मी स्वयंपाकी आहे हे मला माहीत होतंच. ते सिद्ध करायला माझ्या गुरूला भर रस्त्यात आपलं नाव पुसावं लागलं, याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

उस्ताद संपले नाहीत, हे मला इकडे आल्यावर कळलं. आठ-नऊ महिने त्यांना कोणी बोलावलं नाही. मग अकोल्यातल्या एका घरानं साखरपुड्याचं काम दिलं. चाची सोबत गेल्या. लोकांदेखत कढईपाशी उभ्या राहून त्या चाखत होत्या आणि उस्ताद सगळ्यांना सांगत होते, "जबान इनकी, हाथ मेरा." आता दोघं मिळून कामं घेतात, पूर्वीपेक्षा थोडी. चाची फोनवर म्हणाल्या, "तेव्हा रोज डरून घरी येत. आता घोरतात."

इकडे किचनच्या भिंतीवर कामाच्या पाळ्यांचा रोस्टर चिकटवलेला असतो, त्यावर माझ्या नावापुढे 'शेफ' लिहिलेलं असतं. पहिल्या आठवड्यात मी ते रोज जाऊन पाहत होते. किचनमध्ये सगळं मोजून, लेबल लावून. सांबार प्लॅस्टिकच्या डबीत येतं, चार काड्या. चव बघायला प्रत्येकाचा वेगळा चमचा, एकदा वापरला की धुवायला. कोणी कोणापुढे चमचा धरत नाही. मी एकदा सवयीनं धरला तर समोरचा पोलिश कुक दचकून मागे सरला.

वऱ्हाडावर माझा राग आहे का? आहे. त्या रजिस्टरवर आहे, शेठच्या हसण्यावर आहे, आणि नऊ वर्षं मी स्वतः ते पान उघडून पाहिलं नाही त्यावरही आहे. आठवण येते तेव्हा हा रागही सोबत येतो, तो वेगळा काढता येत नाही.

गेल्या महिन्यात भाड्याच्या नव्या फ्लॅटसाठी अर्ज भरत होते. इथे प्रत्येक अर्जात विचारतात, तुम्हाला नीट ओळखणारी एक व्यक्ती, तिचा फोन नंबर आणि तुमचं नातं. मी उस्तादांचं नाव लिहिलं, अकोल्याचा नंबर लिहिला. नात्याच्या रकान्यात आधी 'माजी वरिष्ठ' लिहिलं. ते खोडलं. 'गुरू' लिहिलं, तेही खोडलं. काउंटरवरची मुलगी कागदाकडे हात करून वाट पाहत होती. मग मी लिहिलं, 'घरचे', आणि अर्ज तिच्या हातात दिला.