चौदा दिवस पाणी

चौक गावाच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एका ओढ्यावर सिमेंटचा साकव बांधायचा होता. मी तिथला मुकादम. चार बुकं शिकलो होतो, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगणं मला कमीपणाचं वाटे.

पलीकडच्या ठाकरवाडीतला एक म्हातारा राखणीला होता. त्याची लेक श्रावणात बाळंत व्हायची होती. आदल्या खेपेला पुरामुळे सुईण वाडीत पोचली नाही आणि मूल गेलं, म्हणून म्हाताऱ्याचा सगळा जीव त्या साकवात अडकलेला.

वैशाखात वरचा थर ओतला, त्यावर ओली गोणपाटं अंथरली आणि दुसऱ्या दिवशी मी बहिणीच्या लग्नाला कर्जतला निघालो. म्हाताऱ्याला म्हटलं, "गोणपाटं ओली ठेव. चौदा दिवस पाणी मारायचं."

"वलं ऱ्हायलं तर सुकंल कसं, दादा?"

"सांगितलं तेवढं कर." बापाच्या वयाच्या माणसाशी मी असा बोलत असे.

आठव्या दिवशी परतलो तर गोणपाटं झटकून, घडी घालून ठेवलेली. म्हातारा खुशीत होता. "पार सुकवला बगा. भिजवत ऱ्हायलो असतो तर पावसापातुर कच्चाच ऱ्हायला असता."

जन्मभर त्याने कुडाच्या भिंती लिंपल्या होत्या. माती सुकली की घट्ट होते. सिमेंटचं उलटं, ते ओलं राहिलं तरच घट्ट होतं, कोवळेपणी उन्हात कोरडं पडलं की कच्चं राहतं. हे त्याला कुणी सांगायचं? बोट घासलं की भुकटी निघत होती, आणि चिरा या टोकापासून त्या टोकापर्यंत. साहेबाने सगळं फोडायला लावलं. मी दोष म्हाताऱ्यावर ढकलून मोकळा झालो. त्याचं काम गेलं.

नव्याने ओतायच्या आत पाऊस लागला. श्रावणात लेक अडली. तिला डोलीत घालून ओढ्यापर्यंत आणलं आणि पाणी उतरायची वाट बघत सगळे काठावर बसले. पाणी संध्याकाळी उतरलं. ती दुपारीच गेली होती.

दिवाळीनंतर साकव पुन्हा ओतला. म्हातारा न बोलावता आला, बादली उचलली आणि पाणी मारू लागला. मला त्याच्याकडे बघवेना. शेवटी त्याच्याजवळ बसून मी सगळं सांगितलं, ओलं का ठेवायचं, किती दिवस ठेवायचं. त्याने बादली खाली ठेवून ऐकलं.

"येवढंच व्हतं?" तो म्हणाला. "मंग तवा का नाय सांगितलंस, दादा?"