हरवलेली पस्तीस मिनिटं

बंदरावरची सगळ्यात उंच क्रेन चालवणाऱ्या बाईला सगळे घार म्हणायचे. दहा मजल्यांइतक्या उंचीवर काचेच्या केबिनमध्ये बसून ती जहाजातले कंटेनर उचलायची आणि खाली ट्रकच्या पाठीवर असे अलगद टेकवायची, की ड्रायव्हरच्या हातातला चहा हलू नये. वीस वर्षांत तिच्या हातून एकही कंटेनर वाकडा बसला नव्हता. तोंड मात्र फाटकं होतं. खालून वायरलेसवर इशारे देणारा मुकादम म्हणायचा, "बाईंच्या शिव्या ऐकल्या की कळतं, काम नीट चाललंय."

त्या सकाळी डेकवर एक सुटी साखळी पडली. लोखंडावर लोखंड, खण्णकन. कुणाला खरचटलंही नाही. घारीने आवाज ऐकला, आणि पुढच्या क्षणी तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं तर पस्तीस मिनिटं उलटून गेली होती. खाली अकरा कंटेनर ओळीत उतरलेले होते. ते कुणी उतरवले? लीव्हरवर दोन हात होते, हातमोजे तिचेच होते, पण आतले हात दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते.

"मुकादम," तिने विचारलं, "मघापासून मी काही बोलले का?"

"बोललात की. ठीक, ठीक, ठीक. एकही शिवी नाही. मला वाटलं घसा बसलाय."

असं याआधीही व्हायचं. भाजी करपून कोळसा व्हायची आणि ही तिथेच उभी असायची. घरी पोचायची, पण वाटेतलं काही आठवायचं नाही. त्यावर ती हसायची. पण इथे लोकांच्या डोक्यावर वीस-वीस टनांचं ओझं लोंबकळत होतं. मूग गिळून गप्प बसणं सोपं होतं. पण ती शिडी उतरली आणि केबिनची किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "मला काय होतंय ते कळेपर्यंत मी वर जाणार नाही."

मग तपासण्या झाल्या. डोक्याचे फोटो निघाले, तारा लावून आलेख निघाले. फेफरं नाही, गाठ नाही, काही नाही. शेवटी तिला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. घार तिथे गेली ती दात-ओठ खातच.

"मला वेडबीड लागलंय का, तेवढं सांगा."

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "संकट आलं की माणूस एक तर पळतो, नाहीतर लढतो. दोन्ही वाटा बंद असल्या तर मन तिसरी वाट काढतं. अंग तिथेच ठेवून आपण निघून जातं. याला डिसोसिएशन म्हणतात. थोडंफार सगळ्यांचंच होतं, वाचता वाचता चार पानं उलटतात आणि डोक्यात काही शिरत नाही, तसं. पण लहानपणी एखाद्याला पुन्हा पुन्हा ही वाट धरावी लागली तर मनाला तिची सवय लागते. मग पुढे साधा आवाज झाला तरी मन त्याच वाटेने निसटतं. तुमच्या लहानपणी असं काही?"

"छे हो. मजेत गेलं माझं लहानपण. सहा वर्षांची असताना उकळत्या पाण्याने मांडी भाजली होती तेवढी. पण मी रडलेसुद्धा नाही. घरात अजून कौतुक करतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "एकदाही रडला नाहीत?"

"एकदाही नाही," घार म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या अंगावर काटा आला.

तिथून ती जी निघाली ती थेट दादाच्या दुकानात. तिचा थोरला भाऊ न्हावी होता. खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस लावून बसलं होतं.

"दादा, मी भाजले तेव्हाचं सगळं सांग. आत्ता."

"आता मधेच काय काढलंस?"

"सांग ना रे."

दादाने वस्तरा मिटला. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. अकरा आठवडे दवाखान्यात रोज पट्टी बदलायची. आईला बाहेर थांबवायचे. स्टीलचा ट्रे टेबलावर आदळला की सुरुवात, चिकटलेली पट्टी ओढून काढायची. तो दाराच्या फटीतून बघायचा.

"पहिल्या आठवड्यात तू असं किंचाळायचीस, की मी कान झाकायचो. मग एक दिवस एकदम गप्प झालीस. ट्रे वाजला की छताकडे बघत पडून राहायचीस. नर्सताई म्हणायच्या, गुणाची पोर. मी विचारलं, दुखत नाही का गं? तर म्हणालीस, दादा, मी तिथे नसतेच."

"असं म्हणाले मी?"

"अगदी असंच. मला वाटलं, आपली बहीण शूर आहे." त्याचे डोळे भरून आले.

घारीचे डोळे मात्र चमकत होते. ती दुकानात येरझाऱ्या घालू लागली. ट्रे, साखळी, करपलेली भाजी, सगळं पटापट जागेवर बसत होतं. चाळीस वर्षं ती स्वतःला वेंधळी समजत आली होती, आणि इथे तर सहा वर्षांच्या पोरीने एकटीने, कुणी न शिकवता, जीव वाचवायची युक्ती शोधली होती!

"दादा, मी वेडी नाही रे. हुशार होते मी."

"हे मी आईला कधीपासून सांगतोय," दादा डोळे पुसत म्हणाला. फेस वाळलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "सावकाश होऊ द्या ताई, मला घाई नाही."

पुढचे आठ महिने ती जमिनीवर राहिली, मालाच्या याद्या तपासत. दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंकडे जायची. सगळं सरळ घडलं नाही. दोनदा तिथल्या खुर्चीतच ती हरवली. एकदा ती जुनी वेदना परत येऊन मांडी अशी आगीसारखी पेटली की ती हमसून हमसून रडली, आणि बाहेर येऊन दोन माणसांचं जेवली. मन सुटायला लागलं की त्याला धरून कसं आणायचं, हे ती शिकली: थंड लोखंडाला हात लावायचा, समोर दिसेल ते मोठ्याने बोलायचं.

पुन्हा क्रेनवर चढायची परवानगी मिळाली तेव्हा तिने मुकादमाशी करार केला. "मी नुसतं ठीक म्हणाले की काम थांबवायचं. पूर्ण वाक्य बोलले तरच पुढे."

तिसऱ्याच दिवशी खाली कुणाच्या तरी हातून लोखंडी हूक पडला. खण्णकन. घारीचे हात दूर जाऊ लागले, काचेपलीकडचं जग पातळ झालं.

"बाई?" मुकादमाने विचारलं.

तिने लीव्हर सोडले. कंटेनर जागच्या जागी थांबला. दोन्ही तळवे तिने थंड लोखंडी कठड्यावर दाबले.

"पिवळा ट्रक दिसतोय," ती सावकाश म्हणाली. "त्याचा डावा आरसा फुटलाय. जहाजावर एक माणूस बनियन वाळत घालतोय. आणि मुकादम, तुम्ही कंटेनरच्या खाली काय करताय, अक्कल गहाण ठेवलीय का? व्हा बाजूला."

मुकादम उडी मारून बाजूला झाला. घारीने लीव्हर धरले, हात तिचेच होते, आणि कंटेनर खाली घेतला.