वैशाखातला स्वेटर

आमच्या गल्लीत वैशाखात स्वेटर वापरणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे हेमकांत. शहाद्याला पारा चव्वेचाळीसवर गेला की आम्ही ओट्यावर बनियनवर बसलेलो असतो, आणि दुपारी दीडला हे महाशय काखेत तपकिरी स्वेटर मारून कामावरून येतात. मी त्यांना ‘काश्मीरचे जावई’ असं नाव ठेवलंय. ते त्यावर हसतात आणि घरात जातात. माणूस अगदीच कमी बोलतो, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचं काम आपसूक माझ्याकडे येतं.

शहराबाहेर केळी पिकवायच्या थंड खोल्या आहेत. हेमकांत तिथे एकवीस वर्षं आहे. हिरव्या केळीचे क्रेट आत जातात, चार-पाच दिवसांनी पिवळे होऊन बाहेर येतात. गल्लीचं म्हणणं, फुकटात एसी मिळतो, वर पगार! मीही तेच म्हणायचो. एकदा सहज भेटायला गेलो तर त्याने मला आत घेतलं आणि वीतभर जाडीचं दार मागून लावलं. दहा मिनिटं बरं वाटलं. मग शर्ट ओल्या फडक्यासारखा अंगाला चिकटला आणि थंडी हाडात शिरली. भिंतीवरच्या मीटरवर दोन आकडे होते, एक सोळा, एक त्र्याण्णव. दुसरा आकडा हवेतल्या ओलाव्याचा, असं त्याने सांगितलं. मी विसाव्या मिनिटाला दार वाजवायला लागलो. तो रोज आठ तास आत असतो.

आतल्या हवेत सांधे धरतात, आणि दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की लू तोंडावर येते. एकवीस वर्षांत त्याच्या अंगाला कुठलीच हवा आपली वाटेनाशी झाली. कामावर कुडकुडतो, घरी पंख्याखाली तगमगतो. सोडून दुसरं काम बघ, असं त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, हजारदा सांगून पाहिलं. पण पन्नाशीच्या माणसाला दुसरं काम द्यायला कोण बसलंय?

मागच्या वर्षी पुतण्याच्या हळदीत तो भर मांडवात भोवळ येऊन पडला. तेव्हापासून त्याचे थोरले भाऊ भटूआप्पा जागोजागी सांगू लागले की रिनाचं कन्यादान आता मीच करणार, याच्याच्याने उन्हात बसवणार नाही. काकाने कन्यादान केलं तर बिघडत काहीच नाही. आमच्याकडे तसं होतंही. पण रिना हेमकांतची एकुलती एक मुलगी. हेमकांतने पहिल्यांदा भावाला उलट उत्तर दिलं, की बसेन तर मीच बसेन. आप्पा म्हणाले, “बस. पडना तर मी शे.” म्हणजे, पडलास तर मी आहेच.

रिनाच्या लग्नाआधी तीन आठवडे मला रोज दुपारी एक मजेशीर दृश्य दिसायला लागलं. कामावरून आल्यावर हेमकांत जेवण न करता गच्चीवर जायचा आणि डोक्याला पंचा गुंडाळून, शेजारी तांब्या ठेवून उन्हात मांडी घालून बसायचा. आधी दहा मिनिटं, मग वीस, शेवटी तासभर. मी खालून विचारलं, पापड वाळले का हो? त्याने मान हलवली. मी गल्लीभर सांगितलं की काश्मीरचे जावई आता तपश्चर्येला बसलेत. तो अंगाला ऊन शिकवत होता, हे वहिनींकडून कळलं तेव्हा मी जरा ओशाळलो. जराच.

आणि भरपाई म्हणून मी शहाणपणा केला. मंडपवाल्या जहीरभाईला गाठून चार मोठे कूलर सांगितले. दोन थेट वधूपित्याच्या पाटाकडे तोंड करून. वर हुकूम सोडला की चारी बाजूंनी कनाती गच्च बांध, गारवा बाहेर जाता कामा नये. जहीरभाई म्हणाला, हवा खेळती ठेवली तर बरं. मी त्यालाच विचारलं, तुला मंडपातलं काय कळतं?

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सातपुड्याकडे अवकाळी पाऊस पडला. सकाळी ढग. पारा अडतीसच होता. मला वाटलं, देवच पावला. दुपारी बाराला त्या बंद मंडपात सातशे माणसं, त्यांचा घाम आणि चार कूलरचं पाणी, सगळं एकत्र कोंडलं. कूलरसमोर बसलेल्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं आणि वाळत एक थेंबही नव्हता.

मंगलाष्टकं झाली. हेमकांत रेशमी झब्ब्यात, डोक्यावर फेटा, पाटावर बसला. एका बाजूला वहिनी, समोर जोडपं, मागे नातेवाइकांची भिंत. उठायला जागा नाही. माझे दोन कूलर त्याच्या तोंडावर वाफ सोडत होते. चेहरा आधी लाल झाला, मग केळीच्या खांबासारखा पांढरट. भटूआप्पा हळूच उपरणं सावरत पुढे सरकले. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगणार काय? कोंडी मीच केली होती.

तेवढ्यात हेमकांतने भटजींना हाताने थांबवलं. जहीरभाईकडे बघून, आवाज न चढवता म्हणाला, “भाई, कनाती सोडी टाका. कूलरनं पाणी बंद करा, पंखा चालू ऱ्हाऊ द्या.”

जहीरभाई म्हणाला, बाहेरचा वारा गरम आहे.

“गरम चाली. वाहता पाहिजे.”

कनाती सुटल्या. शेतातून वारा आडवा मंडपात शिरला. गरमच होता, पण सातशे माणसांनी एकदम श्वास सोडल्याचं ऐकू आलं. कूलर नुसते घरघरत राहिले. हेमकांतच्या मानेवरचा घाम हळूहळू वाळायला लागला, तरी अंग डुलत होतं. आप्पा अजून तिथेच उभे.

भटजींनी वहिनींना हातांवर पाण्याची धार धरायला सांगितली. रिवाजाप्रमाणे बापाचा हात मुलीच्या हाताखाली आधाराला असतो. रिनाने आपला हात वरून काढला आणि बापाच्या हाताखाली घातला.

“आबा, भार दे मन्हा हातवर,” ती खाली बघत म्हणाली. “कोणी देखत नही.”

त्याने भार दिला. भटजींनी एकदा दोघांच्या हातांकडे पाहिलं, आणि पोथीत डोळे घालून मंत्र पुढे चालू केला. दोघांच्या हातांवरून धार सरळ पडत राहिली. आप्पा मागे जाऊन खुर्चीवर बसले.