कमलचा मी दत्तू केला

“मुलगा कुणाचा हो हा? काम फक्कड करतोय!”

रंगीत तालमीच्या मध्यंतरात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हे विचारलं आणि माझ्या हातातला पावडरचा पफ खाली पडला. कारण त्यांनी विचारलं ते नेमकं सोहोनी मास्तरांना. आणि आत्ता स्टेजवर काम करून गेली ती मास्तरांची सख्खी मुलगी, कमल.

“मुलगा नाही. मुलगी आहे. माझी,” मास्तर म्हणाले.

गृहस्थ खो खो हसले. त्यांना वाटलं, मास्तर थट्टा करतायत. “काहीतरीच काय! जन्मभर नाटकं बघतोय आम्ही. स्त्री पार्टी लांबून ओळखतो. चेहरा बघितला की झालं!”

तो चेहरा मी रंगवला होता. जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

आता ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्त्री पार्टी म्हणजे नाटकात बाईची भूमिका करणारा पुरुष. पूर्वी घरंदाज बायका स्टेजवर यायच्या नाहीत, मग पुरुषच नऊवारी नेसून उभे राहायचे. मी ठाण्याचा, रंगभूषा करणारा. सगळे मला बापू म्हणतात. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या हौशी मंडळांची नाटकं असली की माझी पेटी घेऊन मी जायचो. पुरुषाची बाई करण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. हे मी नाही, लोक म्हणायचे. मी फक्त ऐकून घ्यायचो आणि मनातून फुगायचो.

डोंबिवलीच्या या मंडळात पंधरा वर्षं नायिका करत होता दत्तू. पोस्टात कारकून, घरी बायको, दोन मुलं. पण एकदा का मी त्याला रंगवला की बघत राहावं! बायका त्याच्या पदराची फॅशन उचलायच्या. पुढे पन्नास साल उलटलं आणि वारं फिरलं. लोक सिनेमात खऱ्या बायका बघायला लागले होते. अडतीस वर्षांचा पुरुष लाजायला लागला की मागच्या रांगेतून खोकला ऐकू यायचा. मंडळाचे दिग्दर्शक नाना, मुंबईत एका ऑफिसात हेडक्लार्क, त्यांनी ठरवलं की नव्या सामाजिक नाटकात सुनेचं काम मुलगीच करेल.

मुलगी मिळणं म्हणजे महाकठीण काम. कमल सोहोनी प्राथमिक शाळेत शिकवायची. सातवीत असताना गॅदरिंगमध्ये तिनं काम केलं होतं आणि तेव्हापासून ते वेड तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. दोन वर्षं ती वडिलांच्या मागे लागली होती. शेवटी मास्तर तयार झाले, पण अटीवर. “एक प्रयोग. कुणी हिचं हसं केलं की तिथंच संपलं. पुन्हा माझ्या दारात यायचं नाही.” तिच्या लग्नाचं चाललेलं. शेजारीपाजारी आधीच कुजबुजत होते. मास्तरांचं तरी काय चुकलं सांगा.

कमलला काम शिकवायला नानांनी दत्तूलाच बसवलं. ज्याची जागा गेली त्यानंच यायचं आणि शिकवायचं! दुसरा असता तर तोंड फिरवून गेला असता. दत्तूनं महिनाभर तिला सगळं दाखवलं. पदर कसा धरायचा, रडताना मान कुठे वळवायची, सगळं.

प्रयोग होता कल्याणच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी संध्याकाळी. शनिवारी दुपारी तिथेच रंगीत तालीम, म्हणजे कपडे, मेकअप, दिवे सगळं असलेली शेवटची तालीम. ओळखीची तीसेक माणसं बघायला बोलावलेली. रंगपटात मी कमलला खुर्चीत बसवलं. मास्तर दाराशी दुसरी खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. माझा हात जरा रेंगाळला की पेपर खाली यायचा. मी घामाघूम. परक्या बाईच्या चेहऱ्याला हात लावायची माझी पहिलीच वेळ. मग मी काय केलं, तर डोकं बंद केलं आणि हाताला जे येत होतं ते करून टाकलं.

हाताला काय येत होतं ते ऐका. खोबरेल तेलात पांढरा सफेदा आणि पिवडीची पिवळी पूड कालवून चेहऱ्यावर जाड अस्तर. दाढीची निळसर झाक लपावी म्हणून वरच्या ओठावर आणि हनुवटीवर दुसरा हात. जबडा रुंद दिसू नये म्हणून कानाखाली तपकिरी सावली. गळ्याचा कंठमणी झाकायला तिथेही सावली. भुवया आहेत त्याच्या वर कोरायच्या, काजळ पार कानशिलापर्यंत न्यायचं.

कमलला ना दाढी ना कंठमणी. जे नव्हतंच ते मी झाकत बसलो होतो! आणि बघणाऱ्यांना इतक्या वर्षांची सवय. तिथे सावली दिसली की त्याखाली पुरुष आहे, हे ते धरूनच चालायचे. मीच त्यांना शिकवलेलं की ते.

मध्यंतरात हे असं झालं. ते गृहस्थ हसत हसत जागेवर गेले. मास्तरांनी पेपरची घडी केली, खिशात घातली आणि नानांना म्हणाले, “झालं एवढं पुरे. उद्या दत्तूला उभं करा. कमल, चल घरी.”

“आबा, दुसरा अंक आहे अजून,” कमल म्हणाली.

“तो दत्तू करेल.”

ती वळली. माझ्या खुर्चीत येऊन बसली आणि आरशात बघायला लागली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि माझं जाड अस्तर त्याला दाद देईना. पाणी वरच्यावर ओघळून जात होतं. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. पोरीनं एकच गोष्ट मागितली होती आयुष्यात आणि मी ती तेलात कालवून टाकली.

नवख्या मुलीची जोखीम टळली म्हणून नानांना मात्र मनातून सुटल्यासारखं झालं असावं. “दत्तूला पाठ आहेच सगळं,” ते म्हणाले. “काय रे दत्तू?”

दत्तू प्रॉम्प्टिंगचं पुस्तक घेऊन उभा होता. त्याचा चेहरा एकदम उजळला. मी बघितलं ना. एक क्षणच, पण उजळला. मग तो रंगपटात आला, कमलकडे बघितलं, आरशात बघितलं आणि माझ्याकडे वळला.

“बापू, हा माझा चेहरा आहे रे.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! माझ्या हाडांवर बसवलेला रंग तू हिला फासलास. तुझं एक सोड, मीही तेच केलं. चाल मी दिलेली, मान मी दिलेली, वर चेहराही माझा. मग हिचं काय राहिलं?” तो मास्तरांकडे गेला. “मास्तर, उद्या चारपर्यंत थांबा. प्रयोग साडेसहाला आहे. चारला तुम्ही हिला बघा. नाही पटलं तर मी साडी नेसून तयार असेन. शब्द देतो.”

मास्तर म्हणाले, “चार. सव्वाचार नाही.”

घरी गेलो, जेवण गेलं नाही. रविवारी सकाळी उठल्या उठल्या पेटी उघडून बसलो आणि माझ्या लक्षात आलं की बाईचा चेहरा मला माहीतच नाही. मला माहीत होती ती पुरुषाच्या चेहऱ्यावर मी काढलेली बाई. स्वयंपाकघरात गेलो. बायको आमटीला फोडणी देत होती.

“अगं, जरा इथे उजेडात बस.”

“वेडबिड लागलंय का? आमटी करपेल.”

“करपू दे. बस.”

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तिच्या चेहऱ्याकडे मी असं कधीच बघितलं नव्हतं. बघायचं काय त्यात, असंच वाटायचं. आता बघितलं तर गालाची गोलाई अलगद कानापर्यंत जाते, मध्ये कुठे थांबत नाही. भुवई तिची ती छान आहे, नवी कोरायची काही गरज नाही. मी बोटभर रंग लावला, पुसला, आणखी कमी लावला. ती सारखी हसत होती, त्यामुळे रंग नीट बसेना.

“हसू नकोस गं!”

“मग काय रडू? अकरा वर्षांत पहिल्यांदा नवरा तोंडाकडे बघतोय.”

मी ओशाळलो. पण खरंच होतं ते. तासाभरानं तिनं आरशात बघितलं आणि म्हणाली, “रंग लावलाय हे कळतच नाही की.” मग हळूच म्हणाली, “बरी दिसते मी.” आमटी करपली होती. ती आम्ही तशीच खाल्ली.

जाड रंगाची माझी सवय गॅसबत्तीच्या काळातली. बत्तीचा पांढरा भक्क उजेड चेहरा खाऊन टाकायचा, म्हणून रंग दाबून लावायचा. कल्याणच्या हॉलमध्ये विजेचे दिवे होते, त्यात तेच अस्तर भिंतीला चुना दिल्यागत दिसणार. हल्ली इथे ठाण्यात घोडबंदर रोडला सिरीयलची शूटिंगं चालतात. कॅमेरा नाकाला नाक लावून बघतो आणि तिथली मेकअपवाली पोरं हे सगळं पहिल्याच वर्षी शिकतात. आम्हाला शिकवणार कोण? आम्ही आपले अपमान करून घ्यायचो आणि शिकायचो.

दोन वाजता कल्याणला पोचलो. दत्तू आधीच आला होता. कोपऱ्यात ट्रंकेवर बसलेला. भुवया कोरून, हातांवरचे केस काढून, गुळगुळीत दाढी करून आला होता. मांडीवर घडी घातलेली साडी. शब्द दिलेला ना. कुणी बोलावलं तर पाच मिनिटांत उभा राहिला असता.

कमलला मी फक्त हलका हात दिला. ओठ, डोळ्यांची कड, कपाळावर कुंकू. अर्ध्या तासात संपलं. नाना आत आले आणि ओरडलेच.

“अहो, हिला काही लावलंच नाही! शेवटच्या रांगेला काय दिसणार, कपाळ?”

“ती शिकवलेली चाल विसर,” दत्तू कोपऱ्यातून कमलला म्हणाला, “म्हणजे माझी चाल विसर. शाळेत जातेस तशी चाल.”

दाराशी खुर्ची टाकून बसलेले मास्तर बरोबर चारला उठले. रंगपटात तिच्याकडे बघितलंही नाही. तडक हॉलमध्ये गेले आणि रिकाम्या खुर्च्यांमधून थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसले. “दिवे लावा. कमलला उभी करा.”

दिवे लागले. कमल चालत मध्यभागी आली, उभी राहिली. हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. मी विंगेत देवाचं नाव घेत होतो. देव मानणाऱ्यांतला मी नाही, पण घेत होतो.

“बोल काहीतरी,” मास्तर मागून म्हणाले.

तिनं नाटकातलं वाक्य म्हणायला हवं होतं. ती डोळ्यांवर हात धरून अंधारात बघत राहिली आणि घरात बोलावं तशी बोलली, “आबा, दुपारची गोळी घेतलीत का तुम्ही?”

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. त्यांना बराच वेळ लागला त्याला.

“विसरलो,” ते म्हणाले. आणि मग नानांना, मोठ्यानं, “इथून दिसते हो. माझी कमळी दिसते. होऊ द्या प्रयोग.”

मी मागे वळलो तर दत्तू ट्रंक उघडून साडी आत ठेवत होता. नीट, चारी कोपरे जुळवून. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “राहू दे रे,” तो म्हणाला, “प्रॉम्प्टिंगचं पुस्तक कुठे ठेवलंय मी?” बस्स, एवढंच. त्या माणसाचं मन किती मोठं होतं ते मला त्या दिवशी कळलं. त्याला तसं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

प्रयोग झाला. दुसऱ्या अंकात सून घर सोडून जाते तिथे दत्तू हमसून हमसून रडायचा. कमल नुसती दाराशी थांबली. दत्तूला वाटलं वाक्य विसरली, त्यानं विंगेतून दोनदा सांगितलं. ती विसरली नव्हती. समोर बायकांच्या बाजूला नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले, तेव्हा दत्तूनं पुस्तक मिटलं.

प्रयोगानंतर कमलभोवती हा गराडा! नानांचं कौतुक, कमलचं कौतुक, पडदे रंगवणाऱ्याचंसुद्धा कौतुक. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. पंधरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. जरा लागलं, खोटं कशाला बोलू. मास्तर मात्र जाताना थांबले आणि नानांना विचारलं, “पुढचा प्रयोग कुठे आहे?” कमलनं ते ऐकलं आणि ती हुंदका देऊन रडली. या वेळी रंग वाहून गेला आणि खालचा चेहरा तसाच होता, रंगात दिसत होता तोच.

दत्तूनं पुन्हा बाईचं काम केलं नाही. पुढच्या वर्षी नानांनी त्याला सासऱ्याची भूमिका दिली. तो माझ्या खुर्चीत येऊन बसला, मी पेटी उघडली आणि तसाच थांबलो. पंधरा वर्षं त्याच्या चेहऱ्याला हात लावत होतो आणि तो चेहरा कसा आहे, ते मला ठाऊक नव्हतं. कानाजवळ पिकला होता. डोळ्यांखाली सुरकुत्या आल्या होत्या, मी रंगानं त्या बुजवल्या असणार, आणि कधी आल्या ते पाहिलं नसणार.

“काय बघतोयस?” त्यानं विचारलं.

“तुला.”

“बघ बाबा. सासरा असलो तरी जरा देखणा ठेव म्हणजे झालं.”

त्यानंतर मी नियमच केला. माणूस खुर्चीत बसला की पाच मिनिटं डब्याला हात लावायचा नाही, नुसतं समोर बघायचं. नाटक सुरू व्हायची वेळ आलेली असायची, नट वैतागायचे, दिग्दर्शक ओरडायचे. वैतागोत बापडे, मी आपला बघत बसायचो.