वच्छलाबाईंच्या उपवासाची शुगर

तलवाड्यातल्या मारुतीपुढं भजन सुरू झालं की वच्छलाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. पण समोरचे तीन दात हलायला लागले आणि ‘सद्गुरू’ म्हणताना मधूनच शिट्टी वाजायला लागली. शिट्टी ऐकली की पायरीवरचं कुत्रं उठून थेट सभामंडपात. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. चैत्रातल्या सप्ताहात पहिला अभंग वच्छलाबाईंनीच म्हणायचा, ही तीस वर्षांची वहिवाट; आता ती मोडते की काय, असं झालं.

बीडचे दातांचे डॉक्टर म्हणाले, दात काढून कवळी बसवू, पण आधी शुगर दोनशेच्या खाली आणा. त्यांनी सुनेच्या, योगिताच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. रोज हिरड्यांचा फोटो काढायचा, दोनदा दात घासल्याची आणि शुगरची गोळी घेतल्याची खूण करायची आणि जे जे खाल्लं ते लिहायचं; हे सगळं गावच्या आरोग्य केंद्रातही दिसायचं. बाई इमानानं करू लागल्या. मिश्री सुटली. फोटोला नुसत्या हिरड्या लागायच्या, तरी बाई डोक्यावरून पदर घेऊनच बसायच्या.

खाण्याच्या रकान्यात मात्र सोमवारी, गुरुवारी, शनिवारी, शिवाय एकादशीला त्या योगिताला एकच शब्द लिहायला लावायच्या, उपवास. ॲपनं ते खरं मानलं. एकदा शनिवारला लागून एकादशी आली. शुगरची गोळी पोटात, आणि दोन दिवस अन्नाचा कण नाही, असा लाल इशारा आरोग्य केंद्रातल्या मोहिनी सिस्टरच्या मोबाईलवर वाजला. बाई चक्कर येऊन पडल्या असतील म्हणून ती ग्लुकोजचा पुडा घेऊन स्कूटीवर धावत आली.

बाई ओसरीवर जेवत होत्या. ताटात साबुदाण्याची खिचडी, गूळ घातलेली रताळी आणि देवळातले दोन पेढे. मोहिनीनं तपासली, तर शुगर निघाली दोनशे शहाऐंशी.

“मावशी, हे पेढे ॲपमध्ये कावून न्हाईत?”

“परसाद कुठं खाणं असतंय, पोरी? ते देवाचं हाय.”

“देवाचं हाय, मग तुमच्या रगतात कसं सापडलं?”

बाईंनी देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि पेढे ताटाबाहेर काढले. उपवासाला काय चालतं ते मोहिनीनं लिहून दिलं. प्रसाद कपाळाला लावायचा, कणभर जिभेवर ठेवायचा आणि उरलेला पायरीवरच्या कुत्र्याला द्यायचा, हे बाईंनी स्वतःच ठरवलं.

शुगर उतरली. दात निघाले, जखम भरली, सप्ताहाआधी कवळी बसली. पहिल्या अभंगात ‘सद्गुरू’ अगदी स्वच्छ उमटला. कुत्र्यानं कान टवकारले, शिट्टीची वाट पाहिली आणि ते परत झोपलं. तेवढ्या दिवसांत प्रसाद खाऊन ते इतकं गोल झालं होतं, की आता त्याच्या खाण्याचाही रकाना भरावा का, असं योगिता मोहिनीला विचारत होती.